एका रुळावरच्या राजधान्या

इटारसीहून निघालेली गाडी सातपुडा उतरत बैतूल, आमला, मुलताई, पांढुर्णा, नरखेड, काटोल अशी नागपूरला पोचते. पुढे हाच रूळ वर्धेवरून चंद्रपूर-बल्लारशाला आणि तिथून तेलंगणात जातो. दिल्ली-चेन्नई मार्गाचा हा तुकडा बहुतेक प्रवासी झोपेत काढतात. जागे असलेच तर पांढुर्ण्याला खिडकीतून हात बाहेर काढून संत्री घेतात, तेवढाच या मुलखाशी त्यांचा संबंध. पण इतिहासात ज्या चार गोंड राज्यांची नावं घेतली जातात, त्यांपैकी तिघांच्या राजधान्या याच रुळाच्या दोन्ही अंगांना आहेत: बैतूलजवळचा खेरला, पांढुर्णा-सौसरच्या पाठीमागच्या डोंगरातला देवगड आणि थेट वाटेवरचा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. चौथं राज्य गढा-मंडल्याचं. ते नर्मदेच्या खोऱ्यात, या वाटेपासून दूर. 1564 साली मोगलांशी लढताना पडलेल्या राणी दुर्गावतीमुळे ते पाठ्यपुस्तकात शिरलं. बाकीची तीन बाहेरच राहिली.

मोरोक्कोला जाणाऱ्या पर्यटकांना फेज, माराकेश, मेकनेस आणि रबात या चार राजनगरांची ठरलेली सहल असते. तटाच्या आतली जुनी वस्ती बघायला लोक समुद्र ओलांडून जातात. आपल्याकडे तीन राजधान्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी सहल काढत नाही. ही सहल मी पांढुर्ण्यापासून सुरू केली. त्याला कारण भूगोल. पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांतून डोंगर चढलं की देवगड, उतरलं की नागपूर. जुनी राजधानी वर, नवी खाली, आणि हा मुलूख दोघींच्या मधे.

पांढुर्ण्यात बघण्यासारखा किल्ला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाव व्यापारी आहे. संत्र्याचा हंगाम असला की रस्त्यावर खोक्यांचे ढीग आणि ट्रकच्या रांगा लागतात. आंबिया बहार कसा निघाला आणि मृगाचा कसा धरला, याशिवाय दुसरं बोलणं ऐकू येत नाही. दुकानांच्या पाट्या हिंदीत, दुकानातलं बोलणं वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा मध्य प्रदेशचा नवा जिल्हा झाला. त्यामुळे आता कलेक्टर कचेरीसाठी सातपुडा चढावा लागत नाही.

गावाचं नाव बाहेर पोचलं ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि अलीकडचे पांढुर्णेकर व पलीकडचे सावरगावकर एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. झेंडा काढून चंडीमातेच्या देवळात नेला की खेळ संपतो. डोकी फुटतात, काही वर्षी माणसं दगावली आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कुणी हातात धरले नाहीत. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन पळताना नदीत अडकला, ही कथा सगळे सांगतात. दुसरी कथा कमी ऐकू येते. तीत नदीकाठी गढी आहे, तिच्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज चालून आलेली आहे आणि हत्यारं संपल्यावर गावकऱ्यांनी हातात घेतलेले दगड आहेत. दोन्हींना कागदाचा आधार नाही. पण दुसरीत या मुलखाचा स्वभाव जास्त दिसतो, असं मला वाटतं: राजा वरचा असो की खालचा, फौज जायची ती इथूनच. आणि एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. पांढुर्ण्यात दगड उडत असतात त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत. तान्ह्या पोळ्याचा दिवस दोन्ही गावांत शांतपणे जात नाही.

पांढुर्ण्याहून सौसरकडे जाताना बागा, कपाशी, तूर, पुन्हा बागा. जामसावळीला गर्दी असतेच. पिंपळाखाली निद्रिस्त हनुमानाची मूर्ती आहे, शनिवारी-मंगळवारी नागपुराकडून गाड्याच्या गाड्या येतात. त्याच बाजूला मोहगाव हवेली हे सर्पा नदीकाठचं गाव अर्धनारीश्वराच्या देवळासाठी भाविकांना माहीत आहे, आणि जीवाश्मांसाठी जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमधे अडकून दगड झालेली फळं आणि खोडं इथे सापडली. बिरबल सहानींनी त्यांचा अभ्यास केला. सौसर हे नाव तर भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत कायमचं बसलेलं आहे. मँगनीज ज्यात सापडतं त्या मध्य भारतातल्या अतिप्राचीन खडकांच्या गटाला ‘सौसर समूह’ म्हणतात. त्यातल्या एका खडकाला लुइस फर्मर या इंग्रज भूवैज्ञानिकानं 1909 च्या सुमाराला नाव दिलं ‘गोंडाइट’. सगळे दक्षिणी खंड एकत्र होते त्या महाखंडाचं नाव गोंडवन, तेही याच लोकांवरून. राज्य गेलं, राजधान्या ढासळल्या, आणि नाव मात्र आफ्रिकेपासून अंटार्क्टिकापर्यंतच्या दगडांना लागून राहिलं. गोंड राजांना एवढं मोठं साम्राज्य हयातीत कधी मिळालं नव्हतं.

सौसरच्या बसस्टँडजवळ चहा घेताना एका आजोबांनी विचारलं, ‘‘कुठचे, भाऊ, तुम्ही?’’ देवगडला चाललोय म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग म्हणाले, ‘‘राजधानी पाहाले चालले म्हना. माह्या आज्याची राजधानी नागपूर, माही भोपाळ. राजधानी बदलली, बजार नाही बदलला. सोयरीक नागपूरले, दवाखाना नागपूरले, अन् मुकदमा तेवढा जबलपूरले.’’

त्यांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते इतिहासाला धरून आहे. देवगडच्या राजानं अठराव्या शतकाच्या आरंभी आपलं ठाणं नागपूरला हलवलं, तेव्हापासून या तालुक्यांची राजधानी नागपूर. भोसले आले, नागपूर. इंग्रजांनी 1861 मध्ये मध्य प्रांत केला, तरी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि अडीचशे वर्षांची सवय एका दिवसात मोडली. वकील मात्र त्यानंतरही इथला पक्षकार भेटला की मराठीतच बोलतो.

सौसरच्या पुढे रामाकोना, मग कन्हान ओलांडून रस्ता सिलेवानीच्या घाटाला लागतो. घाट फार उंच नाही, पण सागाचं रान दाट आहे आणि वळणं अशी की समोरून ट्रक आला की दोघांनाही विचार करावा लागतो. 2015 पर्यंत इथून नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी जायची, नॅरोगेज. तिची जागा आता ब्रॉडगेजनं घेतली आहे. घाट चढून उमरानाल्याला पोचलं की मोहखेडच्या बाजूला वळायचं. इथे भाषा पालटते. मराठी मागे पडते, हिंदी आणि गोंडी सुरू होते. पुढच्या रस्त्यावर पाट्या कमी आहेत. विचारत जावं, लोक हौसेनं सांगतात.

देवगड हे आज डोंगराच्या पायथ्याचं छोटं खेडं आहे. इथे एक मोठं शहर होतं यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागतो. बसतो तो विहिरींमुळे. ‘आठशे कुवे, नऊशे बावड्या’ असं गावातलं पोर सांगतं. आकडा सोडा, पण शेताच्या बांधाला, झुडपाच्या आड, घराच्या मागे चिरेबंदी पायविहिरी खरोखर आहेत. गाळानं भरलेल्या कित्येक बावड्या अलीकडच्या वर्षांत रोजगार हमीच्या कामातून उपसल्या गेल्या. खाली उतरणाऱ्या पायऱ्या, बाजूला कोनाडे, एखाद्या ठिकाणी कमान. काहींना पुन्हा पाणी लागलं आणि ते शेताला जातं. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचा असा उपयोग मी फार ठिकाणी पाहिलेला नाही. खांब उभे करून रंग देण्यापेक्षा हे काम कितीतरी शहाणपणाचं.

किल्ला वर आहे. तिन्ही बाजूंना खोल दरी, वाट एकाच अंगानं. चढ तासाभराच्या आतला. पण ऊन असलं तर पाणी सोबत हवं. दरवाजा ओलांडला की नगारखान्याची इमारत, पुढे कचेरी म्हणजे दरबाराची जागा, बादल महाल, एक लहानशी मशीद. कमानी मोगली वळणाच्या, विटा आणि चुना. चुन्याच्या गिलाव्यावर नावं कोरणाऱ्यांनी कुठलीच जागा सोडलेली नाही. ‘मोती टाका’ नावाचं पाण्याचं टाकं मात्र देखणं आहे. ते कधी आटत नाही, असं सांगतात. आणि अर्थातच भुयार आहे. इथून थेट नागपूरला निघतं म्हणे. सातपुड्याचा कातळ मधे आहे याची आठवण करून दिली तेव्हा आमच्यासोबतच्या मुलानं सांगितलं, ‘‘म्हणूनच तर कुणाला सापडत नाही.’’

राजघराण्याची सुरुवात जाटबापासून धरतात. त्याची दंतकथा गावोगाव थोडी वेगळी आहे, गाभा एकच. कुमारिकेच्या पोटी, शेंगांच्या वेलाखाली जन्मलेलं मूल. उन्हात त्याच्यावर नागानं फणा धरला. मोठा झाल्यावर तो देवगडच्या रणसूर-घनसूर या गवळी राजांच्या चाकरीत गेला. त्याची ताकद पाहून राजे घाबरले आणि दसऱ्याचा रेडा लाकडी तलवारीनं मारायला त्याला सांगितलं. देवी स्वप्नात आली, तलवारीला धार आली, रेडा पडला, आणि त्याच झपाट्यात जाटबानं राजांनाही संपवलं. दंतकथा बाजूला ठेवली तरी माणूस खरा आहे. अबुल फजलनं ‘आइन-ए-अकबरी’त त्याची नोंद केली आहे: 2,000 घोडेस्वार, 50,000 पायदळ आणि शंभरावर हत्ती. त्याच्या नावाची तांब्याची नाणीही मिळाली आहेत. घोडेस्वार थोडे आणि हत्ती भरपूर, ही फौज कुठल्या मुलखाची ते वेगळं सांगायला नको.

हत्ती हेच देवगडचं दैव ठरलं. मोगलांना या डोंगरात हवे होते ते हत्ती आणि खंडणी. 1637 मध्ये खान दौरान फौज घेऊन उतरला आणि त्यानं देवगडच्या राजाचा नागपूरचा किल्ला घेतला. पुढे खंडणी ठरल्यावर तो परत केला. म्हणजे नागपूर वसायच्या आधी साठेक वर्षं तिथे किल्ला होता, एवढं त्यातून कळतं. 1667 मध्ये दिलेरखान आला. पुरंदरला वेढा घालून शिवाजी महाराजांशी तह करणाऱ्या मोहिमेतला तोच दिलेरखान. दोन वर्षांनी तो चांदा आणि देवगडकडून पैसे वसूल करत होता. मग भाऊबंदकी. गादीसाठी भांडणाऱ्यांपैकी एकजण औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि बख्त बुलंद, म्हणजे ज्याचं नशीब थोर तो, हे नाव घेऊन परतला. देवगडचं नाव मोगली कागदांत इस्लामगड झालं. काही वर्षांनी हाच बख्त बुलंद मोगलांविरुद्ध उठला, तेव्हा चिडलेल्या बादशहानं फर्मावलं की यापुढे त्याला निगूनबख्त लिहावं, म्हणजे फुटक्या नशिबाचा. बादशहाच्या हाती तेवढंच उरलं होतं. तो दक्षिणेत मराठ्यांच्या मागे किल्लेकिल्ले हिंडत होता, आणि इकडे फुटक्या नशिबाचा माणूस राज्य वाढवत होता.

बख्त बुलंदानं दिल्ली पाहिली होती. शहर म्हणजे काय, पेठ म्हणजे काय, हे त्याला कळलं होतं, आणि डोंगरावर शहर वाढत नाही हेही. सातपुड्याखाली नाग नदीच्या काठी बारा वाड्यांची वस्ती होती, राजापूर बारसा नावाची. 1702 च्या सुमाराला त्या वाड्या जोडून त्यानं नागपूर वसवलं. रिचर्ड जेंकिन्स या इंग्रज रेसिडेंटनं 1827 च्या अहवालात त्याच्याबद्दल लिहिलं आहे की त्यानं हिंदू-मुसलमान असा भेद न करता गुणी माणसं नेमली आणि चहूकडून कष्टाळू शेतकरी बोलावून वसवले. आज पांढुर्णा-सौसरमध्ये जी गावं दिसतात, कुणब्यांची, पवारांची, माळ्यांची, कोष्ट्यांची, त्यांतल्या किती वसाहती त्या हाकेला ओ देऊन आल्या, हा अभ्यासाचा विषय आहे. एवढं खरं, की डोंगरातलं गोंड राज्य त्याच्या काळात सपाटीचं, नांगराचं राज्य झालं आणि राजधानी नांगराच्या मागे खाली उतरली.

आम्हीही उतरलो. सातनूरनंतर राज्याची सीमा येते, ती रस्त्याच्या कडेच्या ट्रकांमुळे कळते. केळवद, सावनेर, मग पाटणसावंगी. इथे देवगडच्या राजांचा किल्ला होता, डोंगर आणि नागपूर यांच्यामधलं ठाणं म्हणून. आता अवशेष बघायला उतरलंच पाहिजे असं काही नाही.

नागपुरात जुनी वस्ती बघायची तर सीताबर्डीकडे न जाता थेट शुक्रवारी तलावापाशी जावं. कागदोपत्री हा गांधीसागर, जुना जुम्मा तलाव. बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान यानं तो बांधला आणि शहराभोवती सुमारे 3 मैलांचा तट घातला. तट गेला. त्याचा एक दरवाजा उभा आहे, जुम्मा दरवाजा. आता गांधी गेट म्हणतात. त्याखालून रिक्षा आणि स्कूटर इतक्या सहज जातात, की मान वर करून बघणाऱ्यालाच शिव्या बसतात. आत महाल. बडकस चौक, कोतवाली, कल्याणेश्वराचं देऊळ, चितार ओळीत रंगाची वाट पाहत ओळीनं बसलेल्या मूर्ती. इथल्या गल्ल्या अरुंद आहेत, पण फेजच्या मदिनेसारख्या चकवणाऱ्या नाहीत. वाडे मात्र झपाट्यानं जाताहेत. सागवानी खांबांचा दर्शनी भाग, त्याच्या शेजारी चार मजली काचेची इमारत, आणि पुढच्या वाड्यावर बिल्डरचा फलक, असा क्रम आहे.

1739 मध्ये चांद सुलतान वारला आणि वली शहानं गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवरनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले, वली शहाचा पाडाव करून दोन राजपुत्रांना गादीवर बसवून मोबदला घेऊन परत गेले. मग ते दोघे भाऊ भांडले, पुन्हा बोलावणं गेलं, आणि 1743 मध्ये आलेले रघुजी परत गेलेच नाहीत. पण गोंड राजाला त्यांनी घालवलं नाही, हे या शहराचं वेगळेपण. त्या भावांपैकी बुऱ्हाण शहाला नागपुरातच, किल्ल्यात ठेवलं, तनखा दिला, आणि नव्या भोसले राजाला टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला. महालाजवळ ‘किल्ला’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे, तिथे त्या घराण्याचे वंशज अजून राहतात. सत्ता एकाची, मान दुसऱ्याचा, आणि दोघांची घरं एकाच तटाच्या आत. सातारच्या छत्रपती-पेशवे व्यवस्थेची ही नागपुरी आवृत्ती म्हणावी लागेल. फरक एवढाच, की तिच्यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलं. यादव माधव काळ्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ 1934 मधला. त्यानंतर इतका जाड ग्रंथ सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचला नाही.

भोसल्यांचा वाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव सागवानाचा होता. 1864 मध्ये तो जळाला, नगारखाना राहिला. पण वाडा त्याआधीच रिकामा झाला होता. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. इंग्रजांनी त्यांना पुढे कैद करून अलाहाबादला धाडलं, तर वाटेत ते निसटले आणि आश्रयाला गेले कुठे, तर महादेवाच्या डोंगरात, गोंडांकडे. राजधानी डोंगरातून खाली आली होती. तिचा शेवटचा स्वतंत्र राजा जीव वाचवायला परत वर गेला. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं 1854 मध्ये राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावात काढले, जवाहीर कलकत्त्याला गेलं. ज्या हत्तींपायी देवगडवर स्वाऱ्या झाल्या, त्या वैभवाची अखेर बैलबाजारात झाली. मारबतीतली काळी मारबत बांकाबाई भोसल्यांशी जोडतात, इंग्रजांपुढे नमल्याचा राग म्हणून. ते रास्त नाही, असं माझं मत. नवऱ्यामागे मोडकळीला आलेलं राज्य सांभाळत, दरबाराचा मान राखण्यासाठी झगडणारी ती बाई होती. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशीच उघडतो. तो दिवस गाठता आला तर बघा, नाही तर खालून दिसतो तेवढा पुरे.

खेरल्याबद्दल थोडक्यात. बैतूलपासून जवळ टेकडीवर पडका किल्ला आहे, शेजारी तळं. पंधराव्या शतकात इथला नरसिंगराय बहामनी आणि माळवा या दोन सुलतानांच्या मधे सापडला. शेवटी होशंगशहानं खेरला गिळला. जाणकार सोडले तर कुणी जात नाही. मराठी माणसानं मात्र एकदा जावं, कारण इथे मुकुंदराजाची समाधी दाखवतात. ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या आद्यकवीवर अंबेजोगाईचा हक्क आहे, वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा आहे, आणि खेरल्याच्या जैतपाळ राजाचा गुरू म्हणून या टेकडीचाही. वाद तुम्ही-आम्ही सोडवण्यासारखा नाही. पण ज्या जिल्ह्याला आपण हिंदी प्रदेश म्हणतो, तिथला शेतकरी मराठी आद्यकवीला ‘मुकुंदराज स्वामी’ म्हणत हात जोडतो, हे बघण्यासारखं आहे.

तट बघायचा असेल तर चंद्रपूर. नागपूरनं जे घालवलं ते इथे टिकलं आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर या पाच खिडक्या, म्हणजे लहान वाटा. दरवाजांवर हत्तीला दाबून धरणारा सिंहासारखा पशू कोरलेला आहे, चांद्याच्या राजांचं चिन्ह. शेजारच्या देवगडचं बळ हत्तीत होतं, हे लक्षात ठेवून ते चिन्ह पाहिलं की गंमत वाटते. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावर गाठी होत्या, झरपट नदीच्या पाण्यानं त्या गेल्या, तिथे अंचलेश्वराचं देऊळ झालं, ससा कुत्र्याच्या मागे लागला त्या वर्तुळावर तट आखला, अशी शहराची कथा. बल्लारपूरचा किल्ला सोडून राजधानी इकडे आली. राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशहासाठी बांधलेली समाधी अंचलेश्वराजवळ आहे. ती या सहलीतली सर्वांत देखणी इमारत. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून लोक येतात.

तटावर झाडं उगवली होती, घाण साचली होती. 2017 पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी तो साफ करायला घेतला, आणि आज त्यावरून मोठ्या अंतरापर्यंत चालता येतं. सकाळी चालावं. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला इरई नदी आणि तिच्यापलीकडे खाणी आणि वीजकेंद्राचा धूर. 1751 मध्ये चांदा भोसल्यांकडे गेला, मे 1818 मध्ये इंग्रजांनी याच तटाला खिंडार पाडलं. 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुराव शेडमाके या गोंड जमीनदाराला इथल्या तुरुंगातल्या पिंपळावर फाशी दिली. त्या पिंपळाला दर वर्षी लोक वंदन करतात. तटाच्या आतली राजाची वस्ती आणि तुरुंगातला पिंपळ यांत अंतर फार नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. पाऊस ओसरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. भर पावसात देवगडची वाट निसरडी असते. मुक्काम सौसर किंवा छिंदवाड्याला करावा, देवगडला हॉटेल नाही. नागपूरच्या शाळा सहली रामटेकला नेतात, फुटाळ्यावर नेतात. त्यांतली एक बस सिलेवानीचा घाट चढवून देवगडला न्यावी, अशी तिथल्या शिक्षकांना विनंती आहे. सकाळी निघून रात्री परत येता येतं. आणि क्रम बदलू नका: देवगड आधी, मग नागपूर, मग चांदा. उलटे गेलात तर चंद्रपूर-नागपूर आरामात होतं आणि देवगडचा चढ पुढच्या वर्षावर ढकलला जातो.